गोगोच्या घरी वाढणारी मुलं

मलावीच्या म्चिंजी जिल्ह्यातल्या एका गावात बालकेंद्राच्या चुलीपाशी उजाडण्याआधीच दोन बाया पोचतात. हातपंपावरून भरलेल्या बादल्या डोक्यावर आणि कमरेला चितेंजे हे कापड गुंडाळलेलं. दोघींपैकी एकीचा आज वार नव्हता. शेजारणीचं मूल तापलं आहे म्हणून ती तिच्या बदली आली आहे. या कामाचा पगार दोघींनाही नाही.

आधणाचं मोठं पातेलं चढवलं की पीठ कालवायला घेतात. या पिठाच्या पेजेला लिकुनी फाला म्हणतात. साधारण चार वाटे मका आणि एक वाटा सोयाबीन. पीठ आधी गार पाण्यात सरसरीत कालवून मगच उकळत्या पाण्यात सोडायचं, नाहीतर गुठळ्या होतात. मग हातभर लाकडी चाटूनं तळापासून ढवळत राहायचं, कारण एकदा पेज खाली लागली की सगळ्या पातेल्याला करपल्याचा वास येतो. कच्चं सोयाबीन दळलं तर मुलांच्या पोटाला बाधतं, म्हणून ते आधी भाजून घ्यावं लागतं. निवडणं, भाजणं, गिरणीवर नेणं, सरपण आणणं, या प्रत्येकाचा दिवस वेगळा. देणगीदाराला पाठवलेल्या फोटोत पेजेचा मग हातात धरलेलं मूल दिसतं, त्याआधीचे हे चार दिवस दिसत नाहीत.

पेज प्यायला येणारी मुलं साधारण तीन ते पाच वर्षांची. त्यांत आईवडील नसलेली आहेत, तशी दोघंही असलेलीही आहेत. वाढणारी बाई भेद करत नाही. अनाथांची वेगळी पंगत या केंद्रात बसत नाही आणि मला हीच इथली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते.

मलावीत एड्सचा पहिला रुग्ण १९८५ मध्ये नोंदला गेला. पुढच्या दीड-दोन दशकांत कर्ती पिढीच कापली गेली. मागे राहिलेली मुलं सांभाळली ती मुख्यतः नातेवाइकांनी. म्चिंजीतला चेवा समाज मातृवंशीय, मूल आईच्या कुळाचं. त्यामुळे आई गेली की ते आजीकडे, म्हणजे गोगोकडे राहतं. एचआयव्हीवरची औषधं येईपर्यंत फार उशीर झाला होता. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लानं तीन औषधांचा उपचार गरीब देशांतल्या रुग्णांसाठी एका मदतसंस्थेला माणशी वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. तोवर याच उपचाराला दहा हजार डॉलरहून जास्त लागत. मलावीनं २००४ मध्ये सरकारी दवाखान्यांतून ही औषधं मोफत द्यायला सुरुवात केली आणि २०११ पासून प्रत्येक एचआयव्हीबाधित गरोदर बाईला ती आयुष्यभर देण्याचं धोरण घेतलं. असंख्य मुलांचे आईबाप त्यामुळे वाचले.

तरी अनाथ मुलांची नोंद ठेवणाऱ्या गावच्या समितीची वही अजून भरते. शाळेची साधी रेघांची वही. मुलाचं नाव, कोण वारलं, कोणाकडे राहतं, कितवीत आहे. आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार दोघांपैकी एक पालक गेलेलं मूलही अनाथ धरतात, त्यामुळे ‘कोणाकडे राहतं’ या रकान्यात कितीदा तरी ‘आई’ लिहिलेलं असतं. उरलेल्या ठिकाणी गोगो, मावशी, मामा. रकाना रिकामा क्वचितच. मुलांना माणसं आहेत. माणसांकडे नाही तो पैसा.

म्हणूनच प्रायोजकाचा पैसा कोणत्या वाटेनं येतो याला महत्त्व आहे. एका मुलाचा फोटो निवडून त्याच्यापुरते पैसे पाठवण्याची पद्धत जुनी आहे आणि त्यामागची माया खरी आहे. पण गोगोच्या एका झोपडीत चार नातवंडं झोपतात. एकाला गणवेश, चपला, दप्तर आलं की उरलेली तिघं बघत राहतात आणि म्हातारीला रोज चौघांत न्याय करावा लागतो. तेच पैसे घराला किंवा केंद्राला मिळाले तर पत्रे येतात, बियाणं येतं, माध्यमिक शाळेचा खर्च निघतो. प्राथमिक शाळा १९९४ पासून मोफत आहे, तरी पुढे जाताना पुष्कळ मुलं गळतात. याच जिल्ह्यात २००६ मध्ये सरकारनं अत्यंत गरीब आणि कमावते हात नसलेल्या घरांना थेट रोख रक्कम द्यायला सुरुवात केली. घरात माणसं जास्त तर रक्कम जास्त, शाळेत जाणाऱ्या मुलांमागे आणखी थोडी. घरं निवडण्यात गावकऱ्यांची समिती सामील. पुढे ही योजना देशभर गेली.

मुलांना माणसं आहेत, हे परदेशातून येणाऱ्या स्वयंसेवकांनीही समजून घ्यायला हवं. दोन आठवडे अनाथाश्रमात मुलांना कडेवर घेऊन परतणारा तरुण वाईट हेतूनं येत नाही. पण लळा लावून निघून जाणाऱ्या माणसांची रांग मुलाला सोसत नाही, आणि पाहुण्यांच्या पैशावर चालणाऱ्या आश्रमांना मुलं भरती करण्याची सवय लागते. ऑस्ट्रेलियानं २०१८ मध्ये अशा भरतीला आधुनिक गुलामगिरीचा एक प्रकार मानलं. स्वयंसेवकानं हातपंप दुरुस्ती शिकवावी, समितीला हिशेब लिहायला शिकवावं, केंद्रातल्या बायांना मुलांना शिकवण्याच्या पद्धती दाखवाव्यात. तो गेल्यावरही गावात टिकेल असंच काम त्यानं करावं.

आणि पैसे वेळेवर पाठवावेत. पाऊस नोव्हेंबरच्या सुमाराला लागतो, नवा मका एप्रिलपासून हाती येतो, आणि जानेवारी ते मार्च कणग्या रिकाम्या असतात. परदेशातल्या देणग्या बऱ्याचशा नाताळात येतात. तोवर पेरणी उरकलेली असते, आणि त्या पैशातून चढ्या भावानं धान्य विकत घ्यावं लागतं. तीच रक्कम ऑक्टोबरमध्ये पोचली तर तिचं बियाणं आणि खत होतं, केंद्राच्या शेतात सोयाबीन उगवतं आणि पुढच्या वर्षीची पेज गावच्याच पिकातून शिजते. मदत करायची असेल तर ती दर वर्षी, पेरणीआधी आणि घराच्या नावानं करावी. त्यातला एक वाटा अंधारात पाणी भरणाऱ्या त्या दोघींसाठी मानधन म्हणून ठेवावा. सगळं केंद्र त्यांच्याच कष्टांवर उभं आहे आणि ते कष्ट फुकट घेत राहण्याचा कोणालाही अधिकार नाही.