ठिणगी आणि इंधन नगरचं

५ एप्रिल २००९ रोजी कोलारजवळ ‘निशांत’ हे वैमानिकविरहित विमान उडालं. निशांत त्याआधीही उडत होतंच. पण या वेळी त्यात भारतात घडलेलं पहिलं वँकेल रोटरी इंजिन होतं. ताकद ५५ अश्वशक्ती, वजन तीसेक किलो. गाभा बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेचा; इग्निशन आणि इंधनयंत्रणा मात्र नगरच्या व्हीआरडीईची, म्हणजे एरवी लष्करी गाड्यांवर काम करणाऱ्या संस्थेची. कौतुक नेहमी गाभ्याचं होतं. माझ्या मते खरी डोकेदुखी नगरच्या वाट्याला आली.

रोटरीत वरखाली होणारा पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाहीत. मध्ये किंचित दबलेल्या लंबगोल पोकळीत फुगीर बाजूंचा तिकोनी रोटर फिरतो. त्याची एक फेरी होईतो शाफ्टच्या तीन होतात. थरथर कमी, म्हणून कॅमेरा वाहणाऱ्या विमानाला सोयीचं. पण स्फोट दर वेळी पोकळीच्या त्याच बाजूला. गार मिश्रण येतं ती बाजू कायम गार, दुसरी कायम भाजलेली. या इंजिनात पोकळीला आतून निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा लेप दिला तो उगाच नाही. शिवाय ज्वलनाची जागा लांबट, चपटी आणि सरकती. आग टोकापर्यंत पोचायच्या आत एक्झॉस्टचं तोंड उघडतं आणि उरलंसुरलं इंधन बाहेरच्या नळीत जळतं. गाड्यांसाठी रोटरी इंजिनं बनवणाऱ्या माझदाने प्रत्येक रोटरला दोन स्पार्क प्लग दिले ते यासाठीच.

ठिणगीची वेळही नाजूक. फार लवकर पडली की नॉकिंग, म्हणजे मिश्रणाचा बेताल भडका. पिस्टन इंजिन थोडंफार सोसतं. इथे रोटरच्या टोकावरच्या पातळ सीलला तडा गेला की कॉम्प्रेशनच संपलं. उशिरा पडली, तर ताकद जाते आणि एक्झॉस्ट लालबुंद होतो.

अमेरिकेत गॅरेजमध्ये विमान बांधणारे हौशी लोक माझदाचं १३०८ सीसीचं ‘१३बी’ बसवतात. पंख्याला इंजिनाचा वेग झेपत नाही, म्हणून मध्ये गिअरबॉक्स. उडताना त्यांची एक नजर एक्झॉस्टच्या तापमानावर असते आणि मिश्रण रिच (इंधन जास्त) की लीन (इंधन कमी), हे हाताने ठरवता येतं. निशांतमध्ये बसून नॉब फिरवणारं कोणीच नव्हतं. तरी त्या दिवशी ते १.८ किलोमीटर उंचीवर गेलं. तिथे हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे सहाव्या हिश्शाने विरळ, त्यामुळे खाली नेमकं बसवलेलं मिश्रण वर आपोआप रिच होतं. ते सांभाळत नगरच्या इंधनयंत्रणेने ३५ मिनिटं काढली.