माळ्यावरचं ओझं

पुणे-नाशिक रस्त्यावरच्या कळंबला आमचं घर. गाडी ठेवतो त्या पडवीवर, पत्र्याखाली, लाकडी माळा आहे. वडील असताना तिथं गणपतीचं मखर, सुपं आणि रिकाम्या कणग्या असत. मी बँकेतून निवृत्त झालो आणि हस्तलिखितांचे खोके वर चढवले. कागदाचं वजन मला तरी कळायला हवं होतं. उभी नोकरी लेजरं उचलण्यात गेली! ५०० कोऱ्या कागदांचा गठ्ठा सव्वादोन किलोंच्या वर भरतो. असे वीस गठ्ठे म्हणजे बराखीतली कांद्याची एक पिशवीच. ती माळ्यावर ठेवा असं कुणी म्हटलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

एका सकाळी मधली कडी कडाडली. खाली नातू सायकल पुसत होता.

सुतारानं कडीचं भिंतीतलं टोक पटाशीनं टोचलं. ओलीनं भुसा झालेला. म्हणाला, "काका, आधी टोकं बघायची. मग हलकं सामान भिंतीलगत ठेवायचं, मधोमध नाही. जड तर नाहीच." तापत्या पत्र्याखालचे रंगाचे, टर्पेंटाइनचे डबेही त्यानं उतरवायला लावले.

कडी बदलली. वर आता मखर आणि सुपं आहेत. हस्तलिखितं माझ्या पलंगाखाली. बायको म्हणते, रद्दीत घातली असती तर कडीचे पैसे तरी निघाले असते.