वशिल्याविना चार हजार किलोमीटर

दरवर्षी जून महिन्याच्या दुसऱ्या शुक्रवारी कॅनडातील बॅन्फ या डोंगराळ गावातून शे-दोनशे माणसे सायकलींवर स्वार होऊन दक्षिणेकडे निघतात. रॉकी पर्वताच्या कण्यावरून, कॅनडाचे अल्बर्टा व ब्रिटिश कोलंबिया हे दोन प्रांत आणि अमेरिकेची मोंटाना, आयडाहो, वायोमिंग, कोलोरॅडो व न्यू मेक्सिको ही पाच राज्ये ओलांडून मेक्सिकोच्या सरहद्दीवरील अँटिलोप वेल्स नावाच्या ओसाड नाक्यावर त्यांची वाट संपते. अंतर सुमारे ४,४०० किलोमीटर, आणि त्यातला बराच मोठा भाग कच्च्या डोंगरी रस्त्यांचा. या उपक्रमाला 'टूर डिव्हाइड' असे नाव आहे. तिला शर्यत म्हणतात खरे. परंतु तिला प्रवेश शुल्क नाही, बक्षीस नाही आणि वाटेत उभे राहून लक्ष ठेवणारे पंचही नाहीत. जो पहिला पोहोचतो त्याच्या गळ्यात हार घालण्यासाठीही तेथे समारंभ नसतो.

गेली वीस वर्षे वर्गात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या प्रस्तुत लेखकाला या शर्यतीचे कुतूहल वाटावे, हे साहजिक आहे. मोबदला नसेल तर माणूस श्रम कशासाठी करील, आणि देखरेख नसेल तर नियम कशासाठी पाळील, हे आमच्या शास्त्राचे दोन नेहमीचे प्रश्न. ही शर्यत या दोन्ही प्रश्नांना पाठीशी टाकून २००८ पासून चालू आहे. परंतु या लेखाचा विषय ते कुतूहल नव्हे. 'स्वावलंबन' हा शब्द आपल्या सार्वजनिक जीवनात सध्या फार सढळ हाताने वापरला जातो. त्याचा नेमका अर्थ कोणता, हे या शर्यतीच्या एका साध्या नियमातून जितके स्पष्ट होते, तितके ते अनेक भाषणांतून होत नाही, असे मला वाटते.

नियम एकच

हा मार्ग मुळात शर्यतीसाठी आखलेला नव्हता. अमेरिकेतील 'अ‍ॅडव्हेंचर सायकलिंग असोसिएशन' या संस्थेने १९९० च्या दशकात जंगलखात्याचे व खाणींचे जुने रस्ते जोडून तो नकाशावर आणला. १९९९ मध्ये जॉन स्टॅमस्टॅड याने अमेरिकेच्या हद्दीतील मार्ग एकट्याने १८ दिवस ५ तासांत पार केला आणि एक नवीच कसोटी निर्माण झाली. पुढे २०१५ मध्ये लेल विलकॉक्स या महिलेने बॅन्फपासूनचे संपूर्ण अंतर १५ दिवस १० तास ५९ मिनिटांत कापले. २०१६ मध्ये इंग्लंडच्या माइक हॉलने हा काळ १३ दिवस २२ तास ५१ मिनिटांवर आणला. २०२५ मध्ये स्वित्झर्लंडचा रॉबिन गेम्पर्ले बारा दिवसांच्या आत पोहोचला. याचा अर्थ रोज सुमारे ३७० किलोमीटर. पुणे ते कोल्हापूर या अंतराच्या दीडपटीहून अधिक, आणि तेही चिखलातून, बर्फातून व घाटांतून.

वाटेत काय काय आहे? उत्तरेकडे अस्वलांचे जंगल आहे. म्हणून स्वार तिखटाचा फवारा हाताशी ठेवतात. वायोमिंगमध्ये पाण्याचा थेंब नसलेले विस्तीर्ण पठार आहे. कोलोरॅडोत ३,६०० मीटरहून अधिक उंचीची खिंड आहे. न्यू मेक्सिकोत पाऊस पडला, तर तेथील चिकणमाती चाकांत अशी भरते की सायकल ढकलतासुद्धा येत नाही, खांद्यावर घ्यावी लागते. झोप तीन-चार तासांची, पुष्कळदा उघड्यावर. २०१० मध्ये एका स्पर्धकाची कोलोरॅडोत समोरून आलेल्या मोटारीशी टक्कर होऊन तो दगावला. स्वतः माइक हॉल २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातील अशाच एका शर्यतीत मोटारीखाली सापडून मरण पावला. तेव्हा हा केवळ हौशी लोकांचा खेळ आहे असे कोणी समजू नये.

अशा या वाटेवरचा नियम मात्र एका वाक्यात सांगता येतो. जी सेवा सर्व स्पर्धकांना सारखीच उपलब्ध आहे ती खुशाल घ्यावी. जी केवळ आपल्यालाच मिळू शकते ती घेऊ नये. दुकानातून भाकरीतुकडा विकत घ्यावा, खाणावळीत जेवावे, सायकल दुरुस्त करून घ्यावी, वसतिगृहात पैसे देऊन निजावे, पुढच्या गावच्या टपाल कचेरीत स्वतःच्या नावे पार्सलही पाठवून ठेवावे. परंतु वाटेत मित्राचे घर असेल तर तेथे मुक्काम करू नये, मागून मोटार आणू नये, झुडपात खाद्यपदार्थ दडवून ठेवू नयेत. मार्ग सोडून गावात गेलात तर जेथे सोडला तेथेच परत यावे. स्पर्धकाजवळ उपग्रहाला खूण पाठवणारे छोटे यंत्र असते आणि तो कोठे आहे हे जगाला दिसते. परंतु त्याला तेथे कोणी जेवू घातले, हे ते यंत्र सांगत नाही.

भाता ओढणारा मुलगा

स्वावलंबनाच्या कल्पनेचा अतिरेकही सायकल शर्यतींच्या इतिहासात होऊन गेला आहे. १९१३ च्या 'टूर द फ्रान्स'मध्ये युजेन क्रिस्तोफ या स्वाराच्या सायकलीचा पुढचा चिमटा पिरेनीज पर्वताच्या उतारावर मोडला. त्या वेळी स्पर्धकाने स्वतःची दुरुस्ती स्वतःच करावी असा दंडक होता. बिचारा सायकल खांद्यावर घेऊन कित्येक किलोमीटर चालत खालच्या गावी पोहोचला आणि लोहाराच्या भट्टीत स्वतःच्या हाताने चिमटा सांधू लागला. पंच शेजारी उभे राहून पाहत होते. दोन्ही हात गुंतल्यामुळे भट्टीचा भाता एका मुलाने ओढला, म्हणून त्याला वेळेचा दंड झाला!

'टूर डिव्हाइड'चा नियम याहून शहाणा आहे, कारण तो वस्तुस्थिती ओळखतो. माणूस कधीही सर्वस्वी एकटा नसतो. ज्या रस्त्यावरून स्वार जातो तो सरकारी पैशातून झालेला आहे, नकाशा एका संस्थेने केलेला आहे, आणि टायर कुठल्या तरी कारखान्यात मजुरांच्या हातून निघालेला आहे. त्या लोहाराची भट्टी ज्याला कोणाला गरज पडेल त्याच्यासाठी पेटलेली असेल, तर भात्याचा प्रश्न गौण ठरतो. स्वावलंबन म्हणजे मदतीचा अभाव नव्हे. स्वावलंबन म्हणजे वशिल्याचा अभाव.

याला पूरक असे उदाहरण आपल्याकडच्याच लोकांचे देता येईल. नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ मध्ये आणि नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत पुरी केली. त्या शर्यतीत मागून मोटार व मदतनीस असणे नियमातच बसते. त्यामुळे त्यांच्या पराक्रमाला तसूभरही उणेपणा येत नाही. कारण तेथे मदत प्रत्येकाने आणायचीच असते. नियम कोणता हे महत्त्वाचे नाही. तो सर्वांना सारखा आहे की नाही, हे महत्त्वाचे.

उंब्रजच्या पुढे

एवढे लिहिल्यावर स्वतःची एक गोष्ट सांगणे भाग आहे. आपल्याकडे 'ब्रेव्हे' नावाचे लांब पल्ल्याचे उपक्रम अनेक शहरांत होतात. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० किलोमीटर २० तासांत अशी त्यांची मुदत असते आणि ठरलेल्या ठाण्यांखेरीज अन्यत्र वैयक्तिक मदत घ्यायची नाही असा नियम असतो. दोन वर्षांपूर्वी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, मी कोल्हापूरहून साताऱ्याच्या पुढे जाऊन परत येण्याच्या ३०० किलोमीटरच्या ब्रेव्हेत भाग घेतला. परतीच्या वाटेवर, रात्री आठच्या सुमारास, उंब्रज ओलांडून दोन-तीन किलोमीटर आल्यावर टायर बाजूने फाटला. मागे वळून गावात जावे, तर दुकान उघडे असेल आणि त्यात आपल्या मापाचा टायर असेल याची शाश्वती नव्हती. फाटलेल्या जागी जुन्या ट्यूबचा तुकडा आतून लावून हळूहळू जाता आले असते. मी यांपैकी काहीच केले नाही. कऱ्हाडजवळ राहणाऱ्या भाच्याला दूरध्वनी केला. तो स्वतः सायकल चालवतो. तासाभरात तो मोटारसायकलवरून आपला टायर आणि बरोबर पिठले-भाकरी घेऊन आला.

मी घुटमळलो तेव्हा तो म्हणाला, "मामा, इथं कोण बघतंय?"

मी टायर घातला, भाकरी खाल्ली आणि मुदतीच्या वीस मिनिटे आधी पोहोचलो. पत्रिकेवर शिक्का बसला. चार दिवसांनी निकालाच्या यादीत माझे नाव आले. महाविद्यालयात सहकाऱ्यांनी अभिनंदन केले. एका विद्यार्थ्याने फळ्यावर '३००' असा आकडा लिहून ठेवला. त्याच आठवड्यात मला परीक्षेच्या पर्यवेक्षणाचे काम होते. कॉपी करताना एक मुलगा सापडला. त्याने जे डोळ्यांनी विचारले ते भाच्याच्या वाक्याहून वेगळे नव्हते. मी त्याची उत्तरपत्रिका नियमाप्रमाणे काढून घेतली, घरी आलो आणि संयोजकांना पत्र लिहून माझे नाव यादीतून काढून टाकावयास सांगितले. ते काढले गेले. फळ्यावरचा आकडा मात्र मला स्वतःला पुसावा लागला, आणि का पुसला हे वर्गाला सांगावे लागले. ते काम घाट चढण्याहून अवघड होते.

वाचकांनी येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. तोच टायर मी उंब्रजच्या दुकानातून विकत घेतला असता तर नियमभंग झाला नसता. टायर वाईट नव्हता, भाचाही वाईट नव्हता. परंतु माझ्या मागून येणाऱ्या स्वाराला कऱ्हाडजवळ भाचा नव्हता.

दुकान उघडे हवे

नोकरी, बदली, प्रवेश, बँकेचे कर्ज या प्रत्येक ठिकाणी आपल्याकडे जे चालते ते याच भाच्याचे मोठे रूप आहे. आपण त्याला ओळख म्हणतो, शब्द टाकणे म्हणतो. पंगतीत वाढप्या आपला असावा, ही अपेक्षा आपल्या अंगवळणी पडली आहे. ज्याचा वशिला आहे तोच पुन्हा आपण स्वकष्टाने वर आलो असे सांगतो, आणि यात त्याला विसंगतीही जाणवत नाही.

परंतु या नियमाची दुसरी बाजू राज्यकर्त्यांनी व संस्थाचालकांनी वाचावयास हवी. जे सर्वांना उपलब्ध आहे ते घ्यावे, असे म्हणताना सर्वांना काहीतरी उपलब्ध असावे लागते. वाटेवर एकही दुकान नसेल, टपाल कचेरी बंद झाली असेल, तर स्वावलंबनाचा उपदेश ही क्रूर थट्टा ठरते. आज 'स्वयंअर्थसहाय्यित' या भारदस्त शब्दाखाली अभ्यासक्रमाचा खर्च विद्यार्थ्याच्या बापावर जातो. तासिका तत्त्वावरील प्राध्यापक वर्षानुवर्षे तासांचा हिशेब करीत राहतो. या दोघांनाही स्वावलंबी व्हा असेच सांगितले जाते. हे स्वावलंबन नव्हे; ही दुकाने बंद करून लावलेली शर्यत आहे.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' हा मार्ग दाखविला, तेव्हा त्यांना हे नेमके ठाऊक होते. मुलांनी घाम गाळून शिकावे हा त्यांचा आग्रह होता. पण त्याआधी त्यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह उघडले आणि त्यात सर्व जातींची मुले एका पंगतीत बसवली. आधी दार सर्वांना उघडे, मग कष्ट ज्याचे त्याचे, असा तो क्रम होता. तो उलटा करून चालत नाही.

'टूर डिव्हाइड'ला जाण्याची ऐपत आपल्यापैकी फार थोड्यांची असेल. उत्तम सायकल, विमानभाडे आणि तीन-चार आठवड्यांची रजा कारकुनाला वा शिक्षकाला परवडणारी नाही, आणि तेथे पोहोचण्याआधीच एक निवड होऊन जाते, हेही मान्य केले पाहिजे. पण तिचा नियम पाळण्यास रॉकी पर्वताची गरज नाही. एखादी सोय समोर आली की दोनच प्रश्न विचारावे: ही माझ्या मागून येणाऱ्यालाही मिळेल काय? आणि मिळणार नसेल, तर ती सर्वांना मिळावी म्हणून मी काय करणार आहे? पहिला प्रश्न माणसाला प्रामाणिक ठेवतो, दुसरा समाजाला. इथे कोण बघतंय, या प्रश्नाला तिसरे उत्तर शोधत बसण्याची मग गरज उरत नाही.