विश्लेषण : रोबोटिक पुनर्वसन यंत्राचा खरा खर्च किती?

पक्षाघातानंतर रुग्णाला पुन्हा चालायला शिकवणारी रोबोटिक यंत्रे आता सरकारी रुग्णालयांतही दिसू लागली आहेत. तिरुवनंतपुरमच्या सरकारी रुग्णालयात देशी बनावटीचे ‘जी-गेटर’ बसले. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर पट्ट्यात असे यंत्र घ्यायचे, तर हिशेब कसा मांडावा?

गरज का?

मुंबईतील मोठे सरकारी पुनर्वसन केंद्र हाजी अलीला आहे. बदलापूरहून लोकलने दादर, तिथे गाडी बदलून महालक्ष्मी आणि पुढे रिक्षा नव्हे, टॅक्सी. एक बाजू लुळी पडलेल्या रुग्णाला आठवड्यातून तीनदा हे जमत नाही आणि उपचार सुटतात.

फायदा कोणाला?

कोक्रेनच्या आढाव्यानुसार, फिजिओथेरपीच्या जोडीला यंत्र वापरल्यास अधिक रुग्ण आधाराविना चालू लागतात. पहिल्या तीन महिन्यांतील आणि अजिबात चालू न शकणाऱ्या रुग्णांना जास्त लाभ होतो. हाताच्या यंत्रांबाबत मात्र सावधगिरी हवी. ब्रिटनमधील ७७० रुग्णांच्या चाचणीत (२०१९) रोबोटिक उपचाराने हाताच्या हालचालीत नेहमीच्या उपचारापेक्षा सरस सुधारणा दिसली नाही.

हिशेब कसा?

उदाहरणादाखल यंत्राची किंमत १ कोटी आणि आयुष्य १० वर्षे धरू. वर्षाला १० लाख यंत्राचे, ५ लाख देखभालीचे, ९ लाख फिजिओथेरपिस्ट व मदतनीसाचे, असे २४ लाख झाले. वर्षात २५० दिवस रोज ८ रुग्ण आले, तर एका सत्राला १,२०० रुपये पडतात. रोज दोनच आले, तर ४,८०० रुपये. म्हणजे किमतीवरील घासाघिशीपेक्षा यंत्र रिकामे न राहणे महत्त्वाचे.

निविदेत काय हवे?

हमीनंतरच्या देखभालीचा दर खरेदीच्या वेळीच ठरवावा. बिघाड किती तासांत दुरुस्त होणार, सुटे भाग कुठून येणार, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण कोण देणार, हे लेखी असावे. रुग्णाच्या उंची-वजनाची मर्यादा, पट्ट्यांचे आकार आणि वीज गेल्यास यंत्र सुरक्षित थांबते का, हे प्रात्यक्षिकात तपासावे.

पैसा कुठून?

राज्यातील स्थानिक स्वराज्य संस्थांना स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी राखावी लागते. उल्हासनगर महापालिका आणि अंबरनाथ, कुळगाव-बदलापूर नगरपालिकांनी तीन यंत्रे घेण्यापेक्षा एक सामाईक यंत्र, त्यासाठी रुग्णवाहतूक आणि तिन्ही शहरांत साधी फिजिओथेरपी केंद्रे, ही मांडणी परवडणारी ठरू शकते. फिजिओथेरपिस्टचे पद भरलेले नसेल, तर आधी ते भरावे. यंत्र चालवायलाही तोच लागतो.