सुटलेलं इंजिन

नोव्हेंबर उजाडला की आमच्या पुलगावच्या कंपूत वाडीच्या इंजिनाचा विषय निघतोच. ८ नोव्हेंबर २०१७. चेन्नईहून मुंबईला निघालेल्या मेलचं विजेचं इंजिन वाडी जंक्शनला काढलं, कारण पुढे तेव्हा तारा नव्हत्या, डिझेल जोडायचं होतं. ड्रायव्हर खाली उतरला आणि इंजिन निघालं. एकटंच! पुढचे सिग्नल मोकळे केले, समोरच्या गाड्या रोखल्या, रेल्वेचाच एक माणूस मोटारसायकलवरून मागे लागला. १३ किलोमीटरवर, नालवारजवळ, त्याने चालत्या इंजिनावर चढून ते थांबवलं.

तरुण पोरांना यात फक्त सिनेमा दिसतो. आम्हाला आठवते ती छोटी लाईन.

पुलगाव-आर्वी, ३५ किलोमीटर, रूळ अडीच फुटांचे. १९१७ची सुरुवात, किलिक निक्सनची कंपनी, कापसाच्या गाठी, हे सगळं लाईन पुन्हा सुरू व्हावी म्हणून दिलेल्या निवेदनांमध्ये इतकं घोटून झालंय की मी पुढे जातो. माझं दशक ऐंशीचं. पुलगावात एकीकडे मोठ्या लाईनवर मुंबई-हावड्याच्या गाड्या धडधडत जायच्या, दुसरीकडे आमचं वाफेचं इंजिन धुसफुसत उभं. यवतमाळकडच्या छोट्या गाडीसारखंच आर्वीकर आपल्या गाडीलाही शकुंतलाच म्हणत.

तेव्हा एका म्हाताऱ्या फायरमनने शिकवलेलं अजून पाठ आहे. रेग्युलेटर गळका असला की बंद करूनही वाफ झिरपते, सिलिंडरात साठते आणि उभं इंजिन आपसूक सरकतं. म्हणून उतरण्याआधी गियर मधे आणायचा, सिलिंडरचे कॉक उघडे ठेवायचे, हँडब्रेक करकचून आवळायचा. वर चाकाखाली लाकडाचा गुटका. तो स्वतः गुटका लाथ मारून तपासायचा, मगच बिडी पेटवायचा. "इंजिन बघण्यात काय मिळतं रे?" म्हणणाऱ्या आमच्या मास्तरांना हे कधी कळलं नाही. त्यांच्या भूगोलात आर्वीची लाईनही नव्हती.

यवतमाळकडच्या शकुंतलेचं मँचेस्टरचं १९२१चं इंजिन १५ एप्रिल १९९४ला निवृत्त झालं, डिझेल आलं. मग आर्वीची गाडीही गेली. तोट्यात होती म्हणे. एस.टी. कुठे नफ्यात होती?

आता सोलापूर-वाडीवरही तारा आल्या, इंजिन बदलायची भानगडच संपली. पण २५ फेब्रुवारी २०२४ला कठुआहून खडी भरलेली मालगाडी ड्रायव्हरविना सत्तरेक किलोमीटर पळाली, पंजाबात उंची बस्सीला रुळांवर लाकडी ठोकळे टाकून अडवावी लागली. शेवटी गुटकाच! तीनच दिवसांनी वर्धा-कळंब गाडीला हिरवा झेंडा मिळाला. कळंबकरांचं अभिनंदन, मनापासून. आमच्यातला एक आर्वीकर मात्र त्या दिवशी चहा अर्धवट टाकून उठला. "बिनड्रायव्हरची गाडी सत्तर किलोमीटर जाते," म्हणाला, "आन् आमच्या पस्तीसाला अजून निवेदनंच देऊन राह्यलो."