घरातील अभ्यास आणि नवे यंत्र

शाळेने सांगितलेला निबंध मुलाने यंत्राकडून लिहवून घ्यावा की नाही, हा वाद हल्ली छत्रपती संभाजीनगरातील सुशिक्षित कुटुंबांतही ऐकू येतो. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी ‘चॅटजीपीटी’ जगापुढे आले, तेव्हापासून त्याची सुरुवात झाली. आमच्या मते, तथापि, याहून जिव्हाळ्याचा प्रश्न निराळाच आहे. यंत्र चुकले, तर ते घरात ओळखणार कोण?

कृत्रिम प्रज्ञेचे हे यंत्र सत्यासत्याचा निवाडा करीत नाही. अफाट लेखनाच्या आधारे पुढे कोणता शब्द येणे संभवनीय, एवढेच ते ठरविते. त्यामुळे त्याचे असत्यही सत्याइतकेच ठाकठीक दिसते. ज्या मुंबई उच्च न्यायालयाचे एक खंडपीठ १९८१ पासून या नगरीत आहे, त्या न्यायालयापुढे २०२५ मध्ये मुंबईस एक प्राप्तिकर-आकारणी आली. तीत आधारास घेतलेले तीन निवाडे अस्तित्वातच नव्हते! ती आकारणी रद्द झाली, आणि यंत्राने पुढे केलेली माहिती पडताळल्यावाचून वापरू नये, अशी समज अधिकाऱ्यांस मिळाली. जाणत्या अधिकाऱ्यांची ही गत, तर आठवीतील मुलाची काय कथा?

पडताळा पाहण्याची शक्ती श्रमानेच येते. तसल्या श्रमांची या नगरीस जुनी ओळख आहे. १९१७ मध्ये निजामाच्या राज्यात उच्च शिक्षणाची पुस्तके उर्दूत आणण्यासाठी हैदराबादेस भाषांतर-कार्यालय निघाले, तेव्हा औरंगाबादेस शिक्षणखात्यात असलेले मौलवी अब्दुल हक त्याचे प्रमुख झाले. पारिभाषिक शब्द ठरविण्यासाठी तेथे भाषापंडित व त्या त्या शास्त्राचे जाणकार एकत्र बसून खल करीत. (मराठी मुलांस मात्र त्या राज्यात मातृभाषेतून वरचे शिक्षण लाभले नाही, हेही विसरता येत नाही.) आज यंत्र क्षणार्धात भाषांतर करिते, पण ‘लीव्ह ग्रँटेड’, म्हणजे अपिलास अनुमती दिली, या न्यायालयीन शब्दांचे हिंदी त्याने ‘सुटी मंजूर’ अशा अर्थाचे केले, हा दाखला सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनीच सांगितलेला आहे.

यंत्र उंबऱ्याबाहेर ठेवावे, असे आमचे म्हणणे नाही; ते तेथे राहणारही नाही. एकत्र कुटुंबात तपासनीस मात्र आयतेच असतात. आधी मुलाने स्वतः चार ओळी लिहाव्यात, मग यंत्रास विचारावे, आणि दोन्ही कागद आजोबांपुढे ठेवावेत. हाच शब्द का घेतलास, आणि हे कोठे वाचलेस, एवढे दोनच प्रश्न त्यांनी करावेत. उत्तर मिळेपर्यंत मोबाईल आजींच्या स्वाधीन असावा.