महिपतगडचा वाटाड्या

हिमालयाचें नांव उच्चारतांच आपल्या घरांतील वडील मंडळींचे हात आपोआप जोडले जातात, आणि तरुण मंडळींच्या डोळ्यांपुढें बर्फाच्छादित शिखरें उभीं राहतात. दार्जिलिंगास जाऊन आलेलें कुटुंब टायगर हिलवरून पाहिलेल्या सूर्योदयाचें वर्णन वर्षानुवर्षें करीत असतें, व तें साहजिकच आहे. सुमारें २,५९० मीटर उंचीच्या त्या टेकडीवरून ८,५८६ मीटर उंचीचें कांचनगंगा शिखर आधीं ताम्रवर्ण आणि मग सुवर्णवर्ण होतांना पाहणें हें भाग्यच होय. आकाश निरभ्र असेल तर दूरवर एव्हरेस्टचें इवलेंसें टोंकही दिसतें. परंतु या यात्रेंत एक गोष्ट आपल्या ध्यानांत येत नाहीं. दार्जिलिंग शहरच मुळीं सुमारें २,००० मीटर उंचीवर वसलेलें आहे, आणि तेथून टायगर हिलपर्यंत बहुतेक प्रवासी मोटारींतून जातात. म्हणजे पर्वत आपण पाहतों खरा, पण चढत नाहीं.

आपल्या कोंकणांत नेमकें उलट आहे. येथें डोंगराची उंची ऐकून कोणी थक्क होत नाहीं. मात्र चढण समुद्राच्या पातळीपासून फार वर नसलेल्या गांवांतून सुरू होते, आणि नंतरचा प्रत्येक फूट स्वतःच्या पायांनींच कमवावा लागतो. ज्या कुटुंबांस हिमालयाची यात्रा खर्चामुळें, वयामुळें अथवा रजेच्या अभावीं साधत नाहीं, त्यांनीं निराश न होतां रत्नागिरी जिल्ह्याच्या पूर्व सीमेकडे एकदां दृष्टि टाकावी. त्यांच्यासाठींच हा लेख आहे.

खेड तालुक्यांत सह्याद्रीच्या मुख्य भिंतीपुढें, तिला जवळजवळ समांतर, अशी एक डोंगररांग पसरली आहे. मध्यें जगबुडी नदीचें खोरें आहे. या रांगेवर महिपतगड, सुमारगड आणि रसाळगड असे तीन किल्ले आहेत. रसाळगड पावणेदोन हजार फुटांच्या आसपास असून चढण्यास सर्वांत सोपा. झोलाईदेवीचें देऊळ व अनेक तोफा यांमुळें तो अधिक प्रसिद्ध आहे. सुमारगड आडवाटेचा व अवघड, म्हणून मुलांबाळांसह तेथें जाण्याचें साहस करूं नये. राहिला महिपतगड. तो तिघांत उंच, सुमारें ३,००० फूट, आणि विस्तारानेंही मोठा. त्याचा माथा शंभर एकरांहून अधिक असून बहुतेक रानानें व्यापलेला आहे. कोतवाल दरवाजा, लाल देवडी, पुसाटी दरवाजा, यशवंत दरवाजा, खेड दरवाजा आणि शिवगंगा दरवाजा अशीं सहा प्रवेशद्वारें या गडास होतीं. आज त्यांपैकीं बहुतेकांचे अवशेषच उरले आहेत. परंतु ज्या गडास सहा दिशांनीं वाटा होत्या, तो एके काळीं घाट आणि बंदरें यांमधील रहदारीवर नजर ठेवीत असावा, हें समजण्यास इतिहाससंशोधक असण्याची गरज नाहीं.

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या घरांतील नऊ माणसांनीं या गडावर जाण्याचें ठरविलें. त्यांत सत्तरीच्या उंबरठ्यावरचे काका होते, दोन सुना होत्या, आणि शाळेंत शिकणारीं चार मुलें होतीं. पहिला वाद निघाला तो वाटाड्या घ्यावा कीं नाहीं, यावर. हातांतल्या यंत्रावर नकाशा दिसत असतां वाटाड्याचा खर्च कशाला, असें तरुणांचें म्हणणें. त्यावर काकांनीं दिलेलें उत्तर मला मार्मिक वाटलें. ते म्हणाले, "नकाशा रस्ता दाखवील, पण तुझी वहिनी दमली आहे, आतां अर्धा घटका बसूं या, असं नकाशा कधीं सांगेल का?"

काकांच्या म्हणण्यास हिमालयाचाच आधार आहे. दार्जिलिंगजवळच्या सिंगालीला राष्ट्रीय उद्यानांतून ३,६३६ मीटर उंचीच्या संदकफू शिखराकडे जाणाऱ्या प्रवाशांस वाटाड्या बरोबर घेणें सक्तीचें आहे. १९५३ सालीं एव्हरेस्टवर एडमंड हिलरी यांच्या जोडीनें पाऊल ठेवणारे तेनसिंग नोर्गे हे प्रथम ओझें वाहणारे म्हणूनच त्या पर्वताकडे गेले होते. १९५४ सालीं दार्जिलिंग येथें हिमालयीन गिर्यारोहण संस्था निघाली, तेव्हां प्रत्यक्ष डोंगरांतील शिक्षणाची सूत्रें त्यांच्याच हातीं देण्यांत आलीं. डोंगराचें ज्ञान डोंगरांत जन्मलेल्या माणसापाशीं असतें, ही गोष्ट तेथें जगानें मान्य केली. मग आपल्या सह्याद्रींत तीच गोष्ट मान्य करण्यास आपण कां कचरावें? शेरपांचें कौतुक करावयाचें, आणि आपल्या गांवच्या वाटाड्याशीं मात्र पन्नास रुपयांसाठीं घासाघीस करावयाची, हें सुशिक्षितांस शोभत नाहीं.

खेडपर्यंत कोंकण रेल्वेनें अथवा मुंबई-गोवा महामार्गानें येतां येतें. तेथून गडाच्या पायथ्याशीं दहिवली गांव आहे. आम्ही उजाडतां उजाडतां दहिवलीहून निघालों. वाटाड्या म्हणून गांवांतील एक साठीचे शेतकरी लाभले. मुलें त्यांना पहिल्या घटकेंतच 'बाबा' म्हणूं लागलीं. त्यांच्या हातांत एक कोयता व खांद्यावर घोंगडी, एवढेंच सामान. आरंभींच त्यांनीं दोन नियम घालून दिले: सर्वांत हळू चालणारें माणूस त्यांच्या पाठोपाठ राहील, आणि पुढें धांवणाऱ्यानें त्यांच्या दृष्टीआड जावयाचें नाहीं. अशा रीतीनें काका आमच्या सैन्याचे आघाडीचे वीर झाले, व घाई करणाऱ्या मुलांचा वेग आपोआप त्यांच्या वेगाशीं जुळला. पर्वतावर दमछाक होते ती बहुधा चढामुळें नव्हे, तर दुसऱ्याच्या वेगानें चालल्यामुळें, हें तत्त्व मला त्या दिवशीं उमगलें.

वाट ऐन, किंजळ, हिरडा, जांभूळ अशा झाडांमधून वर जाते. मध्येंमध्यें कारवीचें दाट रान लागतें. ही कारवी साधारणपणें सात वर्षांतून एकदां फुलते, व मग वाळून जाते. तिच्या काठ्यांचे कूड लिंपून घरांच्या भिंती करण्याची चाल आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या होती. बाबा एखाद्या झाडापाशीं थांबत, पान चुरगळून मुलांच्या नाकाशीं धरीत, आणि "ओळखा पाहूं" म्हणत. शाळेंत वनस्पतिशास्त्राचा कंटाळा करणारी आमची धाकटी पुतणी त्या दिवशीं चौदा झाडांचीं नांवें वहींत लिहून घेऊन आली.

सुमारें तीन तासांनीं बेलदारवाडी लागली. गडाच्या बांधकामासाठीं आणलेल्या बेलदारांची ही वस्ती, अशी परंपरागत समजूत आहे. येथें पाणी भरून घेतलें व न्याहारी सोडली. बाबा सवयीप्रमाणें थोडे दूर जाऊन बसूं लागले, तेव्हां आमच्या काकूंनीं, "अहो, इकडे या. डोंगरावर पंगत एकच," असें म्हणून आपल्या शेजारींच त्यांचें पान मांडलें. पोळीचा लाडू व लिंबाचें लोणचें सर्वांस सारखेंच वाढलें गेलें. बाबांनीं आपल्या फडक्यांतील तांदळाची भाकरी मुलांत वांटली, आणि ती संपण्यास वेळ लागला नाहीं.

वाडीपासून सुमारें तासाभराची चढण चढल्यावर गडाचा माथा येतो. वाटाड्याची खरी गरज येथेंच कळते. चढतांना वाट चुकण्याचा संभव थोडा, कारण वर म्हणजे वर. पण माथ्यावर सर्वत्र सारखीच झाडी, गुरांच्या व रानडुकरांच्या पाऊलवाटा एकमेकींत गुंतलेल्या, आणि कोणती वाट कड्याशीं जाऊन थांबते हें परक्यास कळण्याचें साधन नाहीं. बाबांनीं आम्हांस आधीं पारेश्वराच्या देवळांत नेलें. दर्शन घेऊन, सावलींत थोडें विसावून, आम्ही पूर्वेकडील कड्याकडे वळलों.

झाडी एकाएकीं संपली, आणि समोर सह्याद्रि उभा राहिला. खालीं जगबुडीचें खोरें, समोर मधुमकरंदगडाचीं जुळीं शिखरें, त्यापलीकडे महाबळेश्वरच्या पठाराची निळसर कड. एकावर एक रचलेले काळ्या खडकाचे थर इतके रेखीव, कीं कोणा पाथरवटानें सूत धरून बसविले आहेत असें वाटावें. हे थर सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्हारसाचे आहेत. म्हणजे वयानें हा सह्याद्रीचा खडक आजच्या उत्तुंग हिमालयाहूनही वडील ठरतो, कारण हिमालयाची उभारणी त्यानंतर झाली. हें सांगतांच मुलें कड्याकडे निराळ्याच आदरानें पाहूं लागलीं. समोरच्या भिंतींतून हातलोट घाटाची वाट कोठून वर चढते, तें बाबांनीं बोटानें दाखविलें. त्यांच्या लहानपणीं त्यांच्या आईचें माहेर घाटावर होतें, आणि ती कडेवर मूल घेऊन त्या वाटेनें माहेरीं जात असे. आमच्या दोन्ही सुना हें ऐकून कितीतरी वेळ त्या भिंतीकडे बघत राहिल्या.

दुपारीं कोतवाल दरवाजा पाहून झाला. शिवगंगा दरवाजाकडे जाऊन सुमारगड व रसाळगड पाहण्याची तरुणांची फार इच्छा होती. बाबांनीं सूर्याकडे पाहिलें, मग काकांच्या पायांकडे पाहिलें, आणि म्हणाले, "आतां उतरायचं." तरुणांनीं घड्याळ पुढें केलें, अजून अडीचच वाजले होते. बाबा शांतपणें म्हणाले, "चढतांना छाती दमते, उतरतांना गुडघे. तात्यांना चढायला चार तास लागले, उतरायलाही तेवढेच धरा. रानांत अंधार गांवाच्या आधीं पडतो." थोडा वेळ कोणी बोललें नाहीं. एवढ्या दूर येऊन हातचें दृश्य सोडावयाचें, हें तरुणांस कठीण गेलें. आणि आपल्यामुळें त्यांचा विरस होतो, याचें काकांस वाईट वाटत होतें. अखेरीस काकाच उठले. "ज्याला आपण वाटाड्या नेमला, त्याचा शब्द पटेल तेव्हांच ऐकायचा असेल, तर तो नेमलाच कशाला?" एवढें बोलून त्यांनीं काठी उचलली.

उतरणीवर काकांना खरोखरच वेळ लागला. दहिवलीचीं घरें दिसलीं तेव्हां सूर्य मावळत होता, व शेवटची घसरणीची वाट मागें पडून थोडाच वेळ झाला होता. शिवगंगा दरवाजा पाहून आलों असतों, तर तीच वाट काळोखांत उतरावी लागली असती. तरुणांनीं तें आपण होऊन बोलून दाखविलें.

जाऊं इच्छिणाऱ्यांसाठीं चार गोष्टी सांगतों. कार्तिक ते माघ हा काळ उत्तम. चैत्र-वैशाखांत उकाड्यानें माणूस घाबरें होतें, आणि भर पावसाळ्यांत वाटा निसरड्या होतात. दर माणशीं निदान दोन-तीन लिटर पाणी असावें. पायांत पावलें पूर्ण झांकणारे बूट असावेत, कारण रत्नागिरी जिल्हा फुरशांसाठीं पूर्वींपासून प्रसिद्ध आहे; एकोणिसाव्या शतकांत तीं मारण्यास सरकारनें बक्षिसें लावलीं होतीं. दंश झाल्यास कापाकापी, चोखणें, आंवळून बांधणें यांपैकीं कांहीं न करितां तो अवयव स्थिर ठेवून रुग्णास तत्काळ सरकारी रुग्णालयांत न्यावें; तेथें मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चारही विषांवर चालते. दगड उगाच उलटूं नयेत. कोंकणच्या लाल विंचवानें पूर्वीं अनेक बळी घेतले. महाडच्या परिसरांत डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं उपचारांचा शोध घेतल्यावर हें मृत्यूंचें प्रमाण फारच घटलें. आग्या मोहोळ दिसल्यास धूर, गलका व अत्तर वर्ज्य. वाटाड्याचें मानधन आधींच ठरवावें, आणि ठरल्याहून थोडें अधिकच द्यावें.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. या डोंगरांतील घरोघरचे तरुण मुंबईस चाकरीला गेले आहेत. बाबांचे दोन्ही मुलगे तेथेंच आहेत. ते गणपतीला व शिमग्याला येतात, पण गडाच्या माथ्यावरील वाटा त्यांना ठाऊक नाहींत. पायवाट ही कागदावर टिकत नाहीं. ती पाय पडत राहिले तरच टिकते, आणि तिची आठवण सांगणारा माणूस असला तरच तिला नांव राहतें. वर्षांतून दहा-वीस कुटुंबें जरी वाटाड्यास सन्मानानें बरोबर घेऊन महिपतगडावर गेलीं, तरी गांवांतील एखाद्या तरुणास ही विद्या शिकण्याजोगी वाटेल. हिमालयांत शेरपांच्या मुलांनीं बापाचा मार्ग धरला, त्याचें एक कारण त्या मार्गास मान आणि मोल दोन्ही मिळालें, हें आहे. आपल्या सह्याद्रीस तेवढें देणें आपल्या हातीं आहे. तेव्हां येत्या थंडींत घरांतील वृद्ध, सुना व मुलें यांसह एक दिवस काढावा, गडावर जावें, आणि वाटाडा उतरा म्हणेल तेव्हां उतरावें.